फुकटचं परीक्षण कुणाला परवडतं?

"जरा सांभाळून लिही हं, पोरांनी खूप मेहनत घेतलीये."

नवीन नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी हा फोन येतोच. माणूस बदलतो, वाक्य तेच. आणि ते वाक्य खोटं नसतं, हीच तर पंचाईत आहे. नोकऱ्या सांभाळून महिनोन् महिने तालमी केलेल्या असतात, पदरचे पैसे घातलेले असतात, नेपथ्य स्वतःच रात्री जागून रंगवलेलं असतं. पुस्तकाचंही तसंच, साठ-सत्तर कवितांचा संग्रह हातात येतो तेव्हा त्याच्यामागे पाच-सहा वर्षं गेलेली असतात. मग मी, जी स्वतः कविता लिहिते, जिच्या संग्रहामागेही तेवढीच वर्षं गेलीत, ती दुसऱ्याच्या संग्रहाबद्दल "हे जमलेलं नाही" असं कुठल्या तोंडाने लिहिणार?

बरीच वर्षं मी पुस्तकांवर आणि नाटकांवर लिहितेय आणि एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. कवीने समीक्षा करावी का, कलावंताने कलावंताचं माप काढावं का, यावर आपण भांडत बसतो, आणि परीक्षण लिहिणाऱ्याच्या कामाचे पैसे कोण देतं हे कुणी विचारतच नाही. जिथे कुणीच पैसे देत नाही तिथे परीक्षण शेवटी ओळखीतून लिहिलं जातं, ओळखीपोटी लिहिलं जातं, आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते त्याच मेहनत घेतलेल्या पोरांचं.

आधी तो कवीवाला प्रश्न. तो काही आजचा नाही. राजशेखर या संस्कृत पंडिताने हजारेक वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसा'त प्रतिभेचे दोन प्रकार सांगितलेत, कारयित्री म्हणजे रचणारी आणि भावयित्री म्हणजे रचलेलं ओळखणारी. या दोन्ही एकाच माणसात असतात की नाही यावर तेव्हाही दोन पक्ष होते, काहींचं म्हणणं कवी आणि भावक, म्हणजे रचलेलं पारखणारा, यांच्यात फरकच नाही, काहींचं म्हणणं दोन्ही वेगळे. तिथे एक फार सुंदर दाखला येतो, की एका दगडातून सोनं निघतं आणि ते पारखायचा दगड वेगळा असतो. पुढे तो भावकांचे चार प्रकार सांगतो. अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सगळंच गिळतो. मत्सरी, ज्याला दुसऱ्याचं चांगलं दिसतं पण कबूल करवत नाही. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो खरोखर गाभ्यापर्यंत जातो, तो म्हणे हजारात एखादा. हे चारही प्रकार मी पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर पहिले तिन्ही मी स्वतःतही वेगवेगळ्या दिवशी पाहिलेत.

पण दगडाचा दाखला कितीही सुंदर असला तरी मला तो पूर्ण पटत नाही. मर्ढेकरांचंच बघा, मराठी कवितेचं वळण बदलणारा कवी आणि १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'सौंदर्य आणि साहित्य' या समीक्षेच्या पुस्तकाला. लय म्हणजे काय याचा विचार त्यांनी जो केला तो ओळ लिहिताना हाताला जे कळतं त्यातूनच आलेला आहे असं मला वाचताना कायम वाटतं. मलाही नाटक बघताना जे पहिलं ऐकू येतं ते कवितेमुळेच. एका प्रयोगात पात्र मोठ्याने एक पत्र वाचत होतं आणि नटी प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकत होती, दरवेळी, अगदी न चुकता. प्रेक्षक चुळबुळायला लागले, कुणालाच कळेना काय बिघडलंय. ती संहितेतले पूर्णविराम वाचत होती, पत्र लिहिणाऱ्या माणसाचा श्वास वाचत नव्हती. हे मला पकडता आलं कारण ओळ कुठे तोडायची यावर मी आयुष्यातले फार तास घालवलेत. म्हणून कवीने समीक्षा करू नये असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं, आपण एक चांगला कान स्वतःहून फेकून देतोय.

अर्थात या कानाची किंमतही आहे. कवी संहितेच्या प्रेमात पडतो. मी स्वतः कित्येकदा घरी येऊन लिहायला बसलेय आणि लक्षात आलंय की संवाद मला ओळीनं आठवतायत पण प्रकाशयोजनेबद्दल माझ्या वहीत एक शब्द नाही, दुसऱ्या अंकात नटांच्या हालचाली कशा बसवल्या होत्या ते आठवत नाही. भरताने नाट्यशास्त्रात यावर जो उपाय सांगितलाय तो मला आजही भारी वाटतो. प्रयोगाबद्दल मतभेद झाला तर निवाडा करायला तो 'प्राश्निक' सांगतो, आणि त्यात यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद जाणणारा आहे, व्याकरण जाणणारा आहे, अस्त्रविद्या येणारा आहे, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक असे सगळे आहेत. म्हणजे रंगमंचावर कुणी धनुष्य ओढलं तर ते बरोबर ओढलं का हे धनुर्धाऱ्याने सांगायचं, कवीने नाही. एका माणसाला सगळं दिसत नाही हे त्या काळी गृहीत धरलेलं होतं. आज एका नाटकावर एकच माणूस लिहितो, तोही रात्री बारा वाजता आणि सकाळपर्यंत कॉपी द्यायची म्हणून, आणि नंतर तेच मत त्या नाटकाला चिकटून राहतं.

आता पैशाचा मुद्दा. एका पुस्तकावर नीट लिहायचं तर ते दोनदा वाचावं लागतं, कवितांचं असेल तर तीनदा, त्याच लेखकाचं आधीचं पुस्तक चाळावं लागतं, टिपणं काढावी लागतात, मग लिहायचं, मग अर्धं खोडायचं. नाटकाला एक अख्खी संध्याकाळ, जाणं-येणं, रात्रीचं लेखन. याचा मोबदला म्हणून बहुतेक वेळा काय मिळतं, तर पुस्तकाची प्रत आणि नाटकाचे पास. म्हणजे ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याचकडून आलेली वस्तू. आणि "तुमचं नाव छापून येईल." मग या कामात टिकतं कोण? ज्याचं पोट दुसऱ्या नोकरीवर चालतं तो, पण त्याच्याकडे वेळ नसतो म्हणून तो पुस्तकाच्या पाठीवरचा ब्लर्बच वळवून लिहितो, किंवा ज्याला त्या वर्तुळात राहायचंय तो, उद्या त्याचं पुस्तक येणार असतं, त्याची एकांकिका कुणीतरी बसवणार असते, तो आज ज्याच्यावर लिहितो तोच उद्या त्याच्यावर लिहिणार असतो. ही माणसं वाईट नसतात. ती फक्त एकटी असतात, त्यांच्या मागे कुणी उभं नसतं.

मी स्वतः यात चुकलेय आणि ते लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. माझ्या पहिल्या संग्रहाचं हस्तलिखित एका प्रकाशकाकडे पडून होतं, आठ महिने झाले होते, उत्तर नाही. त्याच प्रकाशकाने काढलेला एक संग्रह माझ्याकडे परीक्षणाला आला. मला तो आवडला नव्हता. मी दीड पान कौतुक लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं, संपादकाचाही फोन आला नव्हता, माझ्याच हाताने मी ते लिहिलं. ते परीक्षण आज वाचायला घेतलं तर एक गोष्ट लगेच दिसते, त्यात त्या संग्रहातली एकही ओळ उद्धृत केलेली नाही, कारण उद्धृत करावीशी ओळ मला सापडली नव्हती. तेव्हापासून कुठलंही कवितेवरचं परीक्षण हातात आलं की मी आधी बघते, ओळी दिल्यात का. नसतील तर पुढचं वाचताना मी सावध होते.

पैसे कुणाकडून येतात त्याने लेखणी कशी वाकते याची दोन जुनी उदाहरणं मला नेहमी आठवतात. हॅम्बुर्गच्या नव्या राष्ट्रीय नाट्यगृहाने १७६७ मध्ये लेसिंगला पगार देऊन आपल्याच नाटकांवर लिहायला ठेवलं. स्वतः नाटककार, कवी, त्या काळातला जर्मन भाषेतला सगळ्यात धारदार वाचक. सुरुवातीला त्याने ठरवलं होतं की संहितेबरोबर अभिनयावरही लिहायचं, कारण नटाची कला हवेत विरून जाते. त्याच्या नियतकालिकाच्या थोड्याच अंकांत नटनट्या नाराज झाल्या आणि त्याने अभिनयावर लिहिणं सोडून दिलं. नाट्यगृह दोनेक वर्षांत बुडालं, लेसिंगचे १०४ अंक राहिले, त्यातला नाट्यविचार आजही शिकवला जातो, पण त्या नटांनी काय केलं होतं ते मात्र गेलं. ज्यांनी तक्रार केली त्यांचंच काम इतिहासातून पुसलं गेलं, मला हे फार लागतं.

दुसरं उदाहरण डोरोथी पार्करचं. तीही कवी, पुस्तकांवर आणि नाटकांवर लिहिणारी. 'व्हॅनिटी फेअर' या अमेरिकन मासिकात नाट्यपरीक्षणं लिहायची, बड्या निर्मात्यांना ती झोंबली, आणि १९२० मध्ये तिची नोकरी गेली. पण त्या गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तिचा सहकारी बेंचली निषेध म्हणून स्वतः राजीनामा देऊन बाहेर पडला. समीक्षकाचं स्वातंत्र्य म्हणजे त्याच्या मनाचा मोठेपणा नुसता नाही, त्याच्या बाजूला कोण बसलंय त्यावरही ते ठरतं. फुकट लिहिणाऱ्याला असे सहकारीच नसतात, त्याला काढावंही लागत नाही, पुढच्या वेळी फोन येत नाही एवढंच.

आणि जेव्हा मागे संस्था उभी असते तेव्हा काय होऊ शकतं? १९५८ च्या मे महिन्यात लंडनमध्ये पिंटर नावाच्या नव्या नाटककाराचं 'द बर्थडे पार्टी' लागलं, जवळजवळ सगळ्या दैनिकांनी ते मोडीत काढलं आणि आठ प्रयोगांत ते बंद पडलं. 'संडे टाइम्स'चा हॅरोल्ड हॉब्सन जवळपास रिकाम्या प्रेक्षागृहात ते बघून आला होता. त्याचं परीक्षण रविवारी छापून आलं, म्हणजे नाटक बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याने लिहिलं की हा नाटककार मोठा आहे. एकही तिकीट त्या परीक्षणामुळे विकलं जाणार नव्हतं, नाटकच उरलं नव्हतं, जाहिरात म्हणून त्याची किंमत शून्य. पण एका तरुण लेखकाला पुढचं नाटक लिहायला बळ मिळालं, ज्याला २००५ मध्ये नोबेल मिळालं. हॉब्सनला बंद पडलेल्या नाटकावर लिहायला जागा मिळाली कारण तो कुणाच्या पासचं देणं फेडत नव्हता, वर्तमानपत्र त्याला पगार देत होतं आणि त्याचा वाचक रविवारी त्याची वाट बघत होता. आज मी एखाद्या संपादकाला म्हटलं की बंद झालेल्या नाटकावर बाराशे शब्द लिहिते, तर पहिला प्रश्न येईल, पण मग त्याचा उपयोग काय?

उपयोग हा, की नाटक दुसरं कुठे राहतच नाही. पुस्तकाबद्दल मी चुकीचं लिहिलं तर वाचक पुस्तक उघडून मला खोडून काढू शकतो, पन्नास वर्षांनीही. नाटकाबद्दल चुकले तर त्या संध्याकाळी हजर असलेल्या माणसांखेरीज कुणीच खोडू शकत नाही आणि तीही विसरतात. व्हिडिओ असतो म्हणाल, पण कॅमेरा ज्याच्यावर रोखलाय तेवढंच त्यात दिसतं, आणि प्रेक्षागृहात पसरलेली शांतता त्यात पकडली जात नाही. शेक्सपिअरच्या हयातीत त्याची नाटकं रंगमंचावर कशी दिसायची याबद्दल आपल्याकडे जे थोडं आहे ते कुणा व्यावसायिक समीक्षकाने लिहिलेलं नाही. १५९९ मध्ये थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी ज्यूलियस सीझरचं नाटक बघून आला आणि शेवटी नट कसे नाचले ते लिहून गेला. १६११ मध्ये सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषाने 'द विंटर्स टेल' बघितलं आणि वहीत गोष्ट टिपून ठेवली, त्यातल्या भामट्यापासून आपण काय शिकायचं तेही टिपलं. पण त्या नाटकाच्या शेवटी राणीचा पुतळा जिवंत होतो, अख्ख्या नाटकातला सगळ्यात थरारक क्षण, त्याचा फोरमनच्या टिपणात उल्लेखच नाही. तो क्षण त्या दिवशी कसा झाला, झाला की नाही, यावर अभ्यासक अजून डोकं खाजवतायत. बघणाऱ्याने जे लिहिलं नाही ते असं जातं. फोरमनवर राग नाही माझा, तो स्वतःपुरतं लिहीत होता, पण ज्यांचं हे कामच आहे त्यांनी तरी पुतळा सोडू नये ना.

म्हणून मी नव्याने लिहायला लागलेल्या मुलामुलींना सांगते, मत नंतर द्या, आधी काय दिसलं ते लिहा. पडदा उघडला तेव्हा काय होतं, उजेड कुठून येत होता, कोण कुणाकडे पाठ करून उभं होतं, प्रेक्षक कुठे हसले आणि ते हसणं कसं होतं. वर्णन नीट असेल तर वाचक माझ्या मताच्या विरुद्धही जाऊ शकतो, मी "फसलं" म्हणेन आणि तो वर्णन वाचून म्हणेल, अरे मला तर हे बघायचंय. हे स्वातंत्र्य वाचकाला दिलं पाहिजे. साडेतीन स्टारमध्ये ते मिळत नाही. पण असं वर्णन करायला जागा लागते आणि जागेला पैसे लागतात, फिरून तिथेच येतो आपण. ऑर्वेलने १९४६ मध्येच लिहिलं होतं की बहुतेक पुस्तकांकडे सरळ दुर्लक्ष करावं आणि ज्यांना काही महत्त्व आहे अशा थोड्यांवर लांब लिहावं, हजार शब्द ही अगदी खालची मर्यादा. आपण बरोबर उलटं केलंय, सगळ्यांवर थोडं थोडं, आणि त्या थोड्यात सगळे "आश्वासक".

यावर एक जुना आक्षेप आहे, की परीक्षण हवंच कशाला, लेखकाला सुधारायचं तर त्याला खाजगीत सांगा. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने १९३९ मध्ये एक पुस्तिका लिहून साधारण हेच सुचवलं, छापील परीक्षणं बंद करा आणि लेखकाने फी देऊन जाणकाराचा खाजगी सल्ला घ्यावा, डॉक्टरकडे जातो तसा. तिचा मान ठेवून सांगते, मला हे पटत नाही, आणि तिच्या नवऱ्यालाही पटलं नव्हतं, लेनर्ड वुल्फने त्याच पुस्तिकेच्या शेवटी टीप जोडलीये की परीक्षण हे लेखकासाठी नसतंच मुळी, ते वाचकासाठी असतं. मला तर वाटतं आपल्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. "सांभाळून लिही" म्हणणारा माणूस समजतो की मी त्या पोरांना पत्र लिहितेय. पत्र लिहायचं असतं तर मी नक्कीच सांभाळून लिहिलं असतं, पहिलं नाटक आहे, हळू बोलायला पाहिजे. पण मी लिहितेय ते त्या माणसाला ज्याच्याकडे महिन्यातली एकच मोकळी संध्याकाळ आहे. त्याने माझ्या शब्दावर ती खर्च केली आणि कंटाळून घरी गेला, तर तो पुढच्या वेळी मलाही वाचणार नाही आणि नाटकालाही जाणार नाही. खोट्या कौतुकाने प्रेक्षक असा एकेक करून कमी होतो आणि मग आपण म्हणतो लोकांना नाटकाची गोडी राहिली नाही.

कठोर परीक्षणाने माणूस मोडतो, हाही आक्षेप आहे, आणि त्यात इंग्रज कवी कीट्सचं नाव हमखास निघतं. १८१८ मध्ये त्याच्या 'एन्डिमिऑन'वर दोन नियतकालिकांनी अत्यंत घाणेरड्या भाषेत हल्ला केला, एकाखाली नुसतं 'झेड' लिहिलं होतं, दुसऱ्याखाली नावच नव्हतं. १८२१ मध्ये तो गेला, क्षयाने गेला, पण परीक्षणाने मारला ही दंतकथा झाली. १८१८ च्याच ऑक्टोबरमधल्या एका पत्रात कीट्सने स्वतः लिहिलंय की त्याच्या स्वतःच्याच टीकेने त्याला जेवढा त्रास दिला तेवढा त्या नियतकालिकांना देता येणार नाही. त्या परीक्षणांमधली चूक मला कडकपणात दिसत नाही, ती दिसते निनावीपणात आणि त्याच्या सामाजिक पायरीच्या केलेल्या टवाळीत. लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये तर १९७४ पर्यंत परीक्षणांखाली नावं नसायची. नाव लपवलं की माणूस मोकळं लिहितो हे खरं, पण जुना हिशोब चुकता करायलाही तेवढाच मोकळा होतो. म्हणून माझं म्हणणं, नाव हवंच, आणि नावाबरोबर नातंही हवं. मी लेखकाला ओळखते का, आमचा प्रकाशक एकच आहे का, या दिग्दर्शकाबरोबर मी कधी काम केलंय का, एका ओळीत लिहून टाकायचं. मत्सरी भावकावर मला तरी दुसरा इलाज माहीत नाही. मत्सर मनातून जात नाही, पण वाचकाला ती ओळ दिसली की तो माझं मत तोलून घेतो.

आणि पैसे कुणी द्यायचे? माझ्या मते कलेवर पैसा खर्च करणाऱ्या प्रत्येकाने. जी संस्था नाट्यमहोत्सव भरवते, पुस्तकांना अनुदान देते, पुरस्कार देते, तिने त्यातला एक छोटा हिस्सा समीक्षेसाठी वेगळा काढावा, आणि तो संस्थेच्या हातात न ठेवता एखाद्या नियतकालिकाकडे द्यावा, मजकुरावर हक्क न सांगता. लेसिंगची गोष्ट माहीत असताना नाट्यगृहाने स्वतःच समीक्षक पाळावा असं मी म्हणणार नाही. संपादकांनी पास आणि फुकट प्रत घेणं बंद करावं, तिकीट काढावं, पुस्तक विकत घ्यावं, हा खर्च फार मोठा नसतो आणि त्याने लिहिणाऱ्याच्या मनावरचं ओझं केवढं उतरतं ते मी अनुभवलंय. नाटक दुसऱ्यांदा बघायला पाठवावं, पंधराव्या प्रयोगाला, कारण पहिल्या प्रयोगाला सगळेच घाबरलेले असतात. वाचकांनीही वर्गणी भरताना लक्षात ठेवावं की ते बातम्यांसारखंच हेही विकत घेतायत. प्रेक्षक आता स्वतःच मोबाइलवर दोन ओळी लिहितात, ते मला मनापासून आवडतं, भरताच्या त्या प्राश्निकांसारखे अनेक डोळे झाले, पण त्यांच्यापैकी कुणावरच तीन दिवस बसून विचार करायची जबाबदारी नाही, ती कुणावर तरी असायला हवी आणि ज्याच्यावर असेल त्याचं घर त्यावर चालायला हवं.

चारेक वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या संग्रहावर मी लिहिलं. एका मासिकाने रीतसर मानधन दिलं होतं, शब्दांची मर्यादा घातली नव्हती, मी वर लिहून टाकलं होतं की आम्ही मैत्रिणी आहोत. मी अकरा ओळी उद्धृत केल्या होत्या, चार चांगल्या म्हणून आणि सात अशा, जिथे ती स्वतःचीच आधीची प्रतिमा पुन्हा वापरतेय असं मला वाटलं. ती दीड वर्ष माझ्याशी बोलली नाही. ते दीड वर्ष वाईट गेलं, ते काही सोसण्यासारखं नसतं आणि मी ते विसरलेले नाही. गेल्या महिन्यात तिने नव्या संग्रहाचं हस्तलिखित पाठवलं, सोबत एवढंच, "तू दाखवलेली ती प्रतिमा पूर्ण काढलीये, बघ कुठे राहिली असेल तर." मी दोनदा वाचलं, दोन ठिकाणी राहिली होती, पेन्सिलने खुणा करून परत पाठवलं. आणि संपादकांना कळवलं की हे पुस्तक आलं की परीक्षणाला दुसऱ्या कुणाला तरी द्या, मी त्यात हात घातलाय.